ताम्पेरेच्या रानात बाबांचा डाव

मी लालबाग सोडलं त्या सकाळी बाबा वॉचमनच्या युनिफॉर्ममध्ये होते. गिरगावातल्या एका बिल्डिंगवर त्यांची रात्रपाळी असायची. ती सुटल्यावर घरी येऊन कपडे बदलायला वेळ उरला नाही, म्हणून ते तसेच टॅक्सीत बसले. खाकी शर्ट, खांद्यावर एजन्सीची पट्टी, पायात काळे बूट. चाळीतली निम्मी माणसं खाली रस्त्यावर उभी होती. आईनं माझ्या हातावर दही ठेवलं आणि ते खाऊन होईपर्यंत माझ्याकडे न बघता बॅगेची चेन पुन्हा पुन्हा तपासत राहिली. बॅगेत खालपासून वरपर्यंत मसाला आणि सुके बोंबील होते. कपडे त्यात कुठेतरी मध्ये दडपलेले.

विमानतळावर आत जायची परवानगी फक्त मला. दारावरच्या गार्डनं बाबांचा युनिफॉर्म बघितला आणि विचारलं, कुठली एजन्सी? बाबांनी नाव सांगितलं. मग म्हणाले, "मुलगी चाललीय. फिनलंडला. इंजिनिअर आहे."

गार्डनं माझ्याकडे बघितलं, परत बाबांकडे बघितलं, आणि त्यांना काचेच्या अगदी जवळ नेऊन उभं केलं, जिथे तो इतर कुणालाच थांबू देत नव्हता. मी रांगेतून मागे वळून बघत होते. काचेपलीकडे दोन युनिफॉर्म शेजारी शेजारी उभे होते, दोघंही ड्यूटीवर असल्यासारखे ताठ. आई त्यांच्या मागे असणार. मला ती दिसली नाही.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि दोन-तीन वर्षांसाठी चाललेय असं सगळ्यांना सांगत होते. तुमच्यातले जे दुबईला गेले, न्यू जर्सीला गेले, किंवा नुसते डोंबिवलीला गेले, त्यांनीही निघताना असंच सांगितलं असेल.

बाबांना मिलमध्ये नोकरी लागली ती कबड्डीमुळे. कणकवलीकडून मुंबईत आलेला हा सडपातळ मुलगा चढाईला गेला की हाती लागायचा नाही. त्या काळी मिलचे आपापले संघ असायचे, आणि असा कुणी दिसला की त्याला कामावर घेऊन टाकायचे. बाबा साचेखात्यात लागले. साचे म्हणजे माग. दिवसभर माग सांभाळायचे आणि पाळी सुटली की मिलच्या आवारातल्या मैदानात घाम गाळायचा. आमच्या खोलीत भिंतीवर एकच फोटो होता, त्यात बाबा मिलच्या संघाबरोबर उभे होते. देवांचे फोटो त्याच्या खाली होते. त्यावरून आई त्यांना बोलायची, पण तिनं तो कधी हलवला नाही.

मी चौथीत असताना संप झाला. सुरुवातीला आम्हा पोरांना मजाच वाटली, कारण सगळ्यांचे बाबा घरी होते. हळूहळू चाळीतल्या खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या. कुणी कुटुंबाला गावी पाठवलं, कुणी स्वतःच गेलं. आई मसाल्याच्या दुकानात मिरच्या कांडायला जायला लागली. संध्याकाळी परत आली की तिच्या हातांची आग व्हायची, ती मला जवळ घ्यायची नाही. लांबूनच विचारायची, जेवलीस काय गो?

बाबा रोज सकाळी मिलच्या गेटवर जायचे. गेट बंद. मग एक दिवस ते गेटवरून परत फिरून परळच्या म्युनिसिपालटीच्या मैदानावर गेले आणि चाळीतल्या पोरांना कबड्डी शिकवायला लागले. पुढे वॉचमनची नोकरी मिळाली, तरी रात्रपाळी करून सकाळी मैदान, हा त्यांचा क्रम मोडला नाही. मुलींचा संघही काढला. तेव्हा लोक हसले. सगळ्यात आधी त्यांनी मलाच त्यात घातलं. मी अगदीच सुमार खेळायचे, बहुतेक वेळा पहिल्या चढाईतच बाद. घरी येताना ते मला रागवायचे नाहीत. फक्त एवढंच म्हणायचे, "पडलीस ते बरोबर पडलीस. उठायला उशीर करतेस." पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी दोन विषयांत नापास झाले तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं.

फोन बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं मला अंधेरीच्या ऑफिसातून उचलून ताम्पेरेला नेलं. हे फिनलंडमधलं शहर दोन तळ्यांच्या मध्ये वसलंय. एका तळ्याचं पाणी दुसऱ्यात उतरताना शहराच्या मधून खळाळत जातं. पहिल्या रविवारी मी ते पाणी बघायला बाहेर पडले आणि पुलावर येऊन थबकले. समोर मिल होती. खरीखुरी कापडाची मिल. लाल विटांच्या उंच भिंती, ओळीनं खिडक्या, चिमणी. आत आता सिनेमा थिएटर होतं आणि कॉफीची दुकानं. बाहेरच्या पाटीवर लिहिलं होतं की एके काळी या गावातली अर्धी माणसं इथेच राबायची. मी घरी फोन करून सांगितलं, तर बाबांनी पहिला प्रश्न विचारला, माग कुठल्या बनावटीचे होते?

हळूहळू अंगवळणी पडलं. मोई म्हणजे नमस्कार. किटोस म्हणजे आभार. आणि गप्प बसणं म्हणजेही बरंच काही. हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार, बसस्टॉपवर माणसं एकमेकांपासून हातभर लांब उभी. लालबागच्या मुलीला हे सगळं आजारपणासारखं वाटायचं. मग एका वर्षी सुट्टीवर मुंबईत आले आणि दादरच्या पुलावर कुणीतरी मला खेटून उभं राहिलं, तर मीच हातभर लांब सरकले. त्या दिवशी मला जरा भीती वाटली. लग्न केलं नाही. त्यावर घरात बोलून बोलून शेवटी सगळेच दमले. दोन वर्षांची दहा झाली, बारा झाली. तिकडे आमची चाळ पडली, तिच्या जागी टॉवर आला आणि आई-बाबा तेविसाव्या मजल्यावर राहायला गेले. फोनवर आई म्हणाली, "इथून समुद्र दिसतो, पण शेजारीण दिसत नाही."

आणि मग आमच्या कंपनीचे दिवस फिरले. एका सकाळी सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावलं आणि आमचा पूर्ण विभाग बंद होत असल्याचं सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. माणसं उठली, खुर्च्या नीट एकात एक रचून ठेवल्या आणि कॉफी प्यायला गेली. मला लालबागच्या रस्त्यावरून जाणारे संपाचे मोर्चे आठवले, घोषणांनी हादरणारे आमच्या खिडकीचे गज आठवले. इथे चमच्यांचा आवाज तेवढा येत होता. मी चाळिशीला आले होते आणि बापासारखीच बंद गेटाबाहेर उभी होते.

माझ्या शेजारच्या टेबलावर मार्या बसायची. पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. तिचीही नोकरी त्याच सकाळी गेली. पुढच्या मंगळवारी तिचा फोन आला, रबरी बूट घाल, रानात जायचंय. मला वाटलं, मश्रूम वेचायला.

तिनं नेलं ते शहराच्या कडेच्या रानात. तिथे फ्रिसबीगोल्फ खेळतात. गोल्फसारखाच खेळ, फक्त काठी आणि चेंडू नाही. हातात प्लॅस्टिकची तबकडी. एका ठरावीक जागेवरून ती फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, असं करत झाडांमधून वाट काढत एका खांबापर्यंत पोचायचं. खांबावर लोखंडी टोपली असते आणि टोपलीवर साखळ्या लोंबत असतात. तबकडी साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की ती टोपली पूर्ण झाली. अशा अठरा टोपल्या सगळ्या रानभर. कमीत कमी फेकींत जो संपवेल तो पुढे. माझी पहिली तबकडी समोरच्या स्प्रूसच्या बुंध्यावर आपटली आणि परत माझ्याच पायाशी आली. मार्या म्हणाली, चांगली सुरुवात, हरवली नाही.

त्या वसंतात आम्ही दर मंगळवारी तिथे जायला लागलो. नोकरी गेलेली आणखीही माणसं यायची. त्या रानात कुणी कुणाला पुढे काय करणार असं विचारायचं नाही. मी मात्र स्वतःला सारखं विचारत होते. पुण्याच्या एका कंपनीनं मला बोलावलं होतं. म्हणजे परत जायचं, आई-बाबांपासून तीन-चार तासांवर राहायचं. दुसरीकडे मार्या म्हणत होती की आपण दोघी मिळून छोटी कंपनी काढू, हॉस्पिटलातल्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर करू. दोघांनाही जुलैच्या अखेरीला उत्तर द्यायचं होतं.

त्याच उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदा माझ्याकडे यायचे होते. तिकिटं आधीच काढलेली. मी फोन करून नोकरी गेल्याचं, पुण्याचं आणि मार्याच्या कंपनीचं सांगितलं आणि म्हटलं, पुढच्या वर्षी या, आता इथे काही धड नाही. बाबा म्हणाले, "तिकीट अजून आहे ना? मग मी येतो." आईचे गुडघे तेवढ्यात दुखणं काढून बसले होते. ती म्हणाली, एवढ्या तासांचं विमान मला झेपायचं नाही, तुझे बाबा बघून येऊन मला सांगतील.

ते का येताहेत हे मला ठाऊक आहे असं वाटत होतं. मला परत न्यायला. चाळीतल्या जुन्या ओळखीच्या बायकांनी आईला तसं सांगूनही टाकलं होतं की आता मुलगी घरी येणार.

सत्तरीला टेकलेले बाबा डोक्याला मफलर गुंडाळून जुलैच्या उन्हात ताम्पेरेला उतरले. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना ती जुनी मिल दाखवली. त्यांनी लाल विटांवर हात ठेवला आणि वर चिमणीकडे बघत राहिले. "पाडली नाय?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही, ठेवलीय. मंगळवारी सकाळी मी बूट घालताना बघून त्यांनी कुठे निघालीस म्हणून विचारलं. खेळायला, म्हटलं. ते आत गेले, पँट पोटरीपर्यंत दुमडून बाहेर आले आणि म्हणाले, चल.

मार्या रानाच्या तोंडाशी वाट बघत होती. मी ओळख करून दिली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. पहिल्या फेकीची जागा आली तेव्हा बाबा वाकले, बोटांनी माती उचलली आणि कपाळाला लावली. कुठल्याही मैदानात पाय टाकण्याआधी ते असंच करायचे. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं, इथे हे काय म्हणून. मी मार्याकडे बघितलं तर तिनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. बाबांनी पहिली तबकडी टाकेपर्यंत तिनं ती घातली नाही.

ती पहिली तबकडी झाडावर गेली. दुसरीही. तिसरी चुकून सरळ गेली, आणि बाबांनी आमच्याकडे असं बघितलं की जणू पहिल्या दोन मुद्दाम टाकल्या होत्या. त्यांचा जोर खूप आणि नेम वाईट. मार्यानं त्यांचं मनगट धरून जोर कमी करायला शिकवलं. थोडी हलकी टाकली की ती झाडांमधून सुरेख जाते हे त्यांना चौथ्या टोपलीपाशी कळलं, आणि सातव्या टोपलीपाशी ते विसरले. एक तबकडी ब्लूबेरीच्या झुडपांत हरवली. ती शोधायला बाबा आत शिरले ते तिथेच. आम्ही जाऊन बघितलं तर सापडलेली तबकडी काखेत धरून झुडपात उकिडवे बसून पिकलेली फळं खात होते. बोटं, ओठ, सगळं निळं. डास डोक्याभोवती घोंगावत होते. इथले डास मोठे असतात, मार्या त्याबद्दल माफी मागत होती. बाबांनी मला सांगितलं, तिला सांग, लालबागचे याहून हुशार असतात.

मागून काही तरुण मुलं खेळत येत होती. आमच्यामुळे ती खोळंबली होती. बाबांनी ते बघितलं, वाटेच्या कडेला सरकले आणि हात लांब करून त्यांना पुढे जायला सांगितलं, गाड्या आत सोडतात तसं. जाताना प्रत्येक जण किटोस म्हणाला. बाबाही प्रत्येकाला किटोस म्हणाले. तेवढा एकच शब्द त्यांना येत होता.

मग त्यांनी विचारलं, "हे रान कोणाचं?"

"म्युनिसिपालटीचं."

"तिकीट?"

"नाही."

"गेट? वॉचमन?"

"काहीच नाही बाबा. कुणीही यावं, खेळावं."

पुढच्या टोपलीपर्यंत ते दोन्ही बाजूंची झाडं बघत चालले. मग आपणहून सांगायला लागले. मिलच्या आवारातल्या मैदानाला कुलूप लागलं त्यानंतरही ते आणि त्यांचा संघ भिंतीवरून आत डोकावायचे. गवत वाढत गेलं, कबड्डीच्या रेषा दिसेनाशा झाल्या. पुढे तिथे पत्रे ठोकले आणि आता तिथे काचेची इमारत आहे. बाबा एकदा तिच्या लॉबीत गेले होते, फक्त उभं राहायला. तिथल्या वॉचमननं हटकलं. मी पण वॉचमनच होतो, त्यामुळे मी त्याच्याशी वाद घातला नाही, असं ते म्हणाले.

मार्यानं मला विचारलं, काय सांगताहेत? मी सांगितलं. तेव्हा तिच्याकडून मला पहिल्यांदा कळलं की तिची आजी त्या लाल विटांच्या मिलमध्ये सुतावर कामाला होती. इतकी वर्षं आम्ही शेजारी बसलो आणि हे कधी निघालंच नाही. मी बाबांना सांगितलं, तर ते थांबले, मार्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तिला सांग, माझ्याकडे साचे होते. तिच्या आजीनं सूत पाठवलं असतं तर मी कापड काढून दिलं असतं." मार्या हसली. तिला मोकळेपणी हसताना मी कंपनी बंद झाल्यापासून पहिल्यांदा बघत होते.

अकराव्या टोपलीजवळ एक बाक आहे. तिथे बसून आम्ही थर्मासमधली कॉफी प्यालो. मार्यानं पुल्ला आणला होता, इथला गोड पाव. बाबांनी घास घेतला आणि म्हणाले, वेलची आहे यात. मग मार्या मागे राहिलेली तबकडी शोधते म्हणून उठून गेली. कुठलीच तबकडी मागे राहिलेली नव्हती. तिला कळलं होतं की मला बोलायचंय.

"बाबा," मी विचारलं, "मिल आता उघडणार नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

"कळलं लवकर. मानलं उशिरा."

ते गेटवर जात राहिले, वर्ष उलटून गेलं तरी. आई डबाही भरून द्यायची, कामावर निघाल्यासारखा. दोघंही त्याबद्दल एकमेकांशी बोलायचे नाहीत. एक दिवस ते गेटवर पोचले तर गेटच्या उंबऱ्यावर कुत्रा झोपला होता. जिथून पाळीला शेकडो माणसं आत जायची तिथे कुत्रा निवांत झोपलाय आणि त्याला उठवायला कुणी येत नाही, हे बघून बाबा वळले. परत येताना म्युनिसिपालटीच्या मैदानावर पोरं हुतूतूवरून भांडत होती, कोण बाद आणि कोण नाही. बाबा निवाडा करायला गेले. दुपारचा डबा त्यांनी त्या पोरांबरोबर खाल्ला. दुसऱ्या दिवशी आईनं डबा जरा मोठा भरला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"भीती वाटायची?"

"वाटायची तर. तुझ्या आईला माहीत होतं. तुला कळू दिलं नाही."

मी कपातली उरलेली कॉफी संपवली. मग विचारून टाकलं, "तुम्ही मला न्यायला आलात ना?"

"न्यायला? तू काय हरवलेली वस्तू आहेस?" त्यांनी कप बाकावर ठेवला. "बाय, पुण्याला जायचं तर जा. इथे राहायचं तर राहा. पण आमच्यासाठी म्हणून येऊ नको. आम्ही दोघं अजून पायावर उभे आहोत. तू आमच्यासाठी आलीस, तर मला रोज वाटत राहील की मीच तुला बाद केलं."

"आणि कंपनी काढली आणि चाललीच नाही तर?"

"लोक मला विचारतात, मुलगी काय करते. मी सांगतो, फिनलंडला इंजिनिअर आहे. आता सांगेन, स्वतःची कंपनी आहे. नाय चालली, तर सांगेन, काढली होती."

एवढं बोलून ते उठले आणि बाराव्या टोपलीकडे चालायला लागले. त्यांच्या मागे चालताना माझे डोळे भरले होते आणि मला हसूही येत होतं. इंजिनिअरिंगला नापास झाले तेव्हासुद्धा या माणसानं चाळीत सांगितलं होतं की माझी मुलगी इंजिनिअर होतेय, जरा वेळ लागेल.

पंधराव्या टोपलीपाशी त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला. मी म्हटलं, बस झालं, इथून पायवाटेनं थेट बाहेर पडता येतं. डाव अर्धा टाकून कोण जातं, असं म्हणून त्यांनी एक वाळकी फांदी उचलली आणि तिच्या आधारानं पुढे निघाले. उरलेल्या टोपल्या आम्ही अगदी सावकाश खेळलो. शेवटच्या टोपलीपाशी त्यांनी चार पावलांवरून तबकडी टाकली. ती साखळ्यांवर खळकन आपटून आत पडली. बाबा गेले, ती बाहेर काढली आणि नुसता तो आवाज ऐकायला म्हणून पुन्हा टाकली. मग मार्याचा हात दोन्ही हातांत धरून किटोस म्हणाले. हिशेबात ते आमच्या दोघींच्या खूप मागे होते. त्यांनी विचारलंच, मी कितवा? मी सांगितलं, तिसरे. तिसरा नंबर, असं त्यांनी रात्री आईला फोनवर कळवलं. किती जणांत ते सांगितलं नाही.

आम्ही कंपनी काढली. पहिला हिवाळा कठीण गेला, दुसराही काही सोपा नव्हता. पण चालली. आज आमच्याकडे मोठ्या जेवणाच्या टेबलाभोवती मावतील एवढी माणसं आहेत, आणि ऑफिस त्या लाल विटांच्या मिलमध्ये आहे, वरच्या मजल्यावर. माझ्या खिडकीतून खाली खळाळणारं पाणी दिसतं. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, म्हणजे आपल्या घरातलं कुणीतरी शेवटी मिलमध्ये परत गेलं.

जाताना बाबा दोन तबकड्या बॅगेत घालून घेऊन गेले होते. त्या ते कशाला नेताहेत हे मी विचारलं नव्हतं. काही महिन्यांनी त्यांच्याकडून कळलं की शिवरामकाकांनी टोपली बनवलीय. शिवरामकाका बाबांच्या मिलमध्ये फिटर होते, आता करी रोडला मुलाकडे राहतात. बाबांनी तोंडी वर्णन केलं, आणि त्यांनी सायकलची रिम, लोखंडी पाइप आणि झोपाळ्याच्या जुन्या कड्या जोडून टोपली उभी केली. परळच्या त्याच मैदानावर, कबड्डीच्या पोरांची सकाळ आटोपली की मिलमधले हे म्हातारे येतात. तिथे रान नाही. चार गुलमोहर, एक पिंपळ आणि पाण्याची टाकी. म्हणून ते एकच टोपली उचलून फिरवत राहतात, पिंपळामागे, टाकीमागे, गेटाजवळ. तबकडी टाकीवर अडकली तर काढायला एक लांब बांबू ठेवलाय. आपसात मालवणीत भांडतात. नियम बाबांचे, त्यामुळे सोयीप्रमाणे बदलतात.

गेल्या डिसेंबरात मी मुंबईत होते तेव्हा आई पहिल्यांदा तिथे आली. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ती बरीच चालते. पिंपळाखालच्या बाकावर ती आमच्या टॉवरमधल्या एका बाईंबरोबर बसली होती. या बाई चाळीतल्या नाहीत, नवीन आलेल्या. मी थोड्या अंतरावर माझ्या पाळीची वाट बघत उभी होते, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. बाईंनी विचारलं, "मुलगी घरी कधी यायची कायमची?"

आई म्हणाली, "ती तिकडे निघाली की म्हणते घरी जाते. तिकडून निघाली की म्हणते घरी येते. आधी मला लागायचं ते. विचार करायचे की हिचं घर नक्की कुठलं." तिनं पदर सारखा केला. "आमच्या वेळी एका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहायची. माझ्या मुलीची दोन घरं आहेत. दोन्ही तिनं स्वतः राखली. मी कशाला त्यातलं एक कमी करू?"

मी तिच्याकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती बोलायची थांबली असती. माझी तबकडी टाकून झाली, ती टोपलीच्या बाजूनं गेली आणि शिवरामकाका हसले. तेवढ्यात आई बाकावरून उठली, पदर कमरेला खोचला आणि बाबांसमोर जाऊन हात पुढे केला. माझी पाळी कधी, असं तिनं विचारलं, आणि बाबांनी तबकडी तिच्या हातात दिली.